थंडी, तंबू आणि उरलेला भात

दिवाळीची गर्दी ओसरली, की महाबळेश्वरकडे वेगळ्या तऱ्हेची मंडळी निघतात. त्यांना हॉटेल नको असते. तापोळ्याकडे कोयनेच्या जलाशयाकाठी तंबू ठोकायचा, शेकोटी पेटवायची आणि रात्रभर गप्पा. ही हौस मला चांगली ठाऊक आहे, कारण सोमवारी सकाळी तिचे उरलेसुरले माझ्या दवाखान्यात येते.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात असेच चार तरुण आले. तिघांना उलट्या होत होत्या. चौथ्याच्या बोटाला हळद लावून फडके बांधले होते. पण सांगायची घाई वेगळ्याच गोष्टीची होती. "डॉक्टर, रात्री तंबूमागं अस्वल आलं होतं!" उरलेला चिकन पुलाव त्यांनी तंबूमागेच टाकला होता. मध्यरात्री तिथे खुडबूड झाली आणि सकाळी पत्रावळ्या चाटूनपुसून साफ.

माझ्या मते ती कुत्री असावीत किंवा रानडुकरे. कोयनेच्या जंगलात अस्वले आहेत, हे खरे. पण अमेरिकेतले काळे अस्वल आणि आपले अस्वल यांत फरक आहे. तिकडचे अस्वल थंडीची झोप घेण्याआधी, शरद ऋतूत, दिवसभर खात सुटते, आणि तंबूतल्या खाऊसाठीही येते. म्हणून तिथे अन्न लोखंडी पेट्यांत बंद ठेवतात. आपले अस्वल हिवाळ्यात झोपत नाही. वाळवी, मुंग्या, मध, उंबर यांवर त्याचे बाराही महिने चालते. नजर अधू, नाक मात्र तिखट. पहाटे किंवा तिन्हीसांजेला माणूस अचानक समोर आला, तर पळण्याऐवजी ते अंगावर येते आणि नखांनी चेहरा, डोके फाडते. तेव्हा अंधारात झुडपांत एकट्याने जाऊ नये; हातात बॅटरी आणि तोंडाने बोलणे चालू असावे. खरकटे तंबूपासून लांब, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून परत आणावे. त्या वासाला अस्वल आले नाही, तरी डुक्कर येते. कुत्री आली, की त्यांच्या मागावर बिबट्याही येऊ शकतो.

आता उलट्यांकडे वळू. सकाळी त्या तिघांनी पातेल्यातला रात्रीचा भात गरम करून खाल्ला होता. "एवढी थंडी होती, खराब कसा होईल?" वेण्णा तलावाकाठी दव गोठते, हे आपण दर हिवाळ्यात पेपरात वाचतो. पण ते पहाटेचे काही तास. तापोळा महाबळेश्वरच्या बराच खाली, तिथली हवा उबदार. शिवाय मोठे पातेले शेकोटीजवळ झाकून ठेवले, तर आतला भात तासन्‌तास कोमट राहतो. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वाढतात. भातातल्या एका जंतूचे विष असे चिवट असते, की भात पुन्हा उकळला तरी ते जात नाही. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांत संपवावे, उरेल इतके शिजवूच नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, लाडू यांना शेगडीही लागत नाही. (शेगडी तंबूच्या आत कधीच पेटवू नका. तिच्या वायूने झोपेतच माणूस जातो.) पाणी खळखळून एक मिनिट उकळावे. शेतातून घेतलेली स्ट्रॉबेरी धुतल्याशिवाय तोंडात टाकू नये.

मला खरी काळजी होती ती चौथ्याची. पॉइंटवर माकडाने त्याच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढला आणि बोटाला चावा घेतला. त्याला दोन दिवस होऊन गेले होते. माकड असो, कुत्रे असो की अस्वल, चाव्यातून रेबीज होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरचीपूड काही भरायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खोल जखमेत लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते. उशीर झाला म्हणून घरी बसायचे नाही, तेव्हाही लस घ्यायचीच. धनुर्वाताचेही विचारायचे.

त्याला मी तिथल्या तिथे जखम धुवायला बसवले आणि सरकारी रुग्णालयात पाठवले. ठरल्या तारखांना त्याने सगळे डोस पुरे केले. शेवटच्या डोसानंतर सांगायला आला, तेव्हा जाता जाता विचारत होता, "डॉक्टर, चौघांना दोन दिवसांसाठी भडंग किती न्यावं?"