गाठ आजची नाही

नल्लकुंट्यात आजार म्हटलं की आधी ताप आठवतो. इथल्या फीवर हॉस्पिटलला जुनी माणसं अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटाइन हैदराबादी जिभेवर घोळून कोरंटी झालं. तापाचा हिशेब सरळ असतो: निदान झालं की लगेच औषध. याच वस्तीतल्या एखाद्या मराठी बाईच्या हाती स्तनाच्या बायप्सीचा रिपोर्ट पडतो, तेव्हाही घर तोच हिशेब लावतं. “उद्याच काढून टाका,” असं दीर पुण्याहून फोनवर सांगतो.

गाठ मात्र कालची नसते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशी दुप्पट साधारण तीस वेळा झाली की एक सेंटिमीटरची गाठ होते. तिच्यात शंभर कोटींच्या आसपास पेशी असतात. काही गाठी आठवड्यांत दुप्पट होतात, बऱ्याचशांना महिने लागतात. म्हणजे हाताला आज लागलेली गाठ बहुधा वर्षानुवर्षं तिथे वाढत होती. उपचार नीट ठरवण्यात दोन-तीन आठवडे गेले, तर सहसा काही बिघडत नाही. ‘मुलीचं लग्न होऊ दे’ म्हणत घालवलेले महिने मात्र महागात पडतात.

या आठवड्यांत ठरतं काय? उपचारांचा क्रम. रिपोर्टवर ‘कर्करोग’ या शब्दापुढे नजर जात नाही, पण खरी माहिती त्याच्या खाली असते: ईआर, पीआर, हर-टू. पहिल्या दोन चाचण्यांतून कळतं, की या पेशी स्त्रीसंप्रेरकांवर पोसल्या जातात का. तसं असेल आणि गाठ लहान असेल, तर बहुतेकदा आधी शस्त्रक्रिया होते आणि नंतर पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी. हर-टू (पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन) पॉझिटिव्ह असेल किंवा तिन्ही निगेटिव्ह असतील आणि गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, तर बहुधा केमो आधी. त्यामुळे गाठ आक्रसते आणि औषध लागू पडतंय का तेही दिसतं. कधी ती इतकी विरते, की जागा सापडावी म्हणून आधीच तिच्यात धातूची बारीक खूण ठेवावी लागते. घाईने गाठ काढून टाकली, तर ही परीक्षा हुकते. मूल हवं असलेल्या तरुण बाईने बीजांडं जपण्याचं विचारायचं तेही केमोआधीच.

‘सुई लावली की पसरतो’ ही भीती मी सुशिक्षित घरांतही ऐकली आहे. ती खोटी आहे, आणि सुईने काढलेल्या तुकड्याशिवाय वरचं काहीच कळत नाही. अख्खा स्तन काढायलाच हवा, हा समजही जुना. सर्जन हॅलस्टेडच्या काळापासून छातीच्या स्नायूंसकट स्तन काढत असत. मिलानच्या व्हेरोनेसी आणि अमेरिकेच्या फिशर यांनी आपल्या रुग्णांवर वीस वर्षं नजर ठेवली आणि २००२ साली निकाल मांडले: लहान गाठीत स्तन राखून, वर शेक (रेडिएशन) दिला, तरी आयुष्य तेवढंच लाभतं.

सुईचीच एक गोष्ट मुंबईची. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली २०११पासून देशातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. केमोआधी थेट शस्त्रक्रिया ठरलेल्या या स्त्रिया. निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी सात-दहा मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन टोचलं. दात काढताना बधिरतेसाठी देतात तेच स्वस्त औषध. २०२३ साली छापलेल्या निकालात पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं होतं. एका चाचणीवर सगळा भरवसा ठेवू नये हे खरं. तरी सर्जनला याबद्दल विचारायला काय हरकत आहे?

उलट, लक्षणं नसताना लहान गाठीसाठी पेट स्कॅनचा आग्रह धरू नये. बहुतेकदा त्यातून पैसे आणि झोप तेवढी जाते.

दुसरं मत घ्यायचं, तर नल्लकुंट्याहून रेड हिल्सची सरकारी एमएनजे कर्करोग संस्था जवळ आहे. जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. बायप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. तो आणि त्याच्या काचा (स्लाइड्स) लॅबकडून मागून घ्याव्यात, म्हणजे दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहू शकतो. मे महिन्यात हा ठोकळा गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका. मेण आहे, वितळतं.