रस्त्यावरचे मृत्यू मोजतात, वॉर्डातले कोण मोजतं?

१५१. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ या एका वर्षात एवढी माणसं गेली. सुमारे ९५ किलोमीटरच्या या रस्त्याचा मोठा पट्टा पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यातला आहे: लोणावळ्याचा घाट, कामशेत, उर्से, तळेगाव. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’चं, म्हणजे या मार्गावरचे मृत्यू शून्यावर आणण्याचं, काम हाती घेतलं. अपघाताच्या जागी जाऊन पाहणी होऊ लागली. गाडी कशावर आदळली, कठडा कुठे तुटका होता, ट्रक कडेला का उभा होता, हे विचारलं गेलं. ‘चालकाची चूक’ असं लिहून फाइल मिटवली नाही. २०२३ पर्यंत वर्षाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

याच रस्त्यावरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका जखमीला तळेगावच्या नाही तर पिंपरीच्या रुग्णालयात पोचवते. रुग्णालयात उपचार करताना काही बिघडलं, तर त्याचा आकडा मात्र कुणी जाहीर करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की उपचार घेणाऱ्या दर १० रुग्णांमागे एकाला उपचारांतूनच काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्मी तरी टाळता येते. चुकीचं औषध, जखमेत जंतुसंसर्ग, खाटेवरून पडणं, असं सगळं त्यात आलं. आता ग्रामीण रुग्णालय धरा, ३० खाटांचं. खाटा भरलेल्या आणि रुग्ण सरासरी ३ दिवस राहतो असं मानलं, तर रोज १० जण दाखल होतात. म्हणजे रोज एकाला इजा. हा निव्वळ कागदावरचा हिशेब आहे. २०११च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या मावळात खरा आकडा याहून कमी असेल किंवा जास्तही.

मोजलं की फरक पडतो, याचा पुरावा आरोग्य खात्याकडेच आहे. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ३३. श्रेय एकट्या कशाचं नाही; रुग्णालयातली बाळंतपणं वाढली, गाड्या आल्या, रक्त मिळू लागलं. पण प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण करायचं हा दंडकही त्यात आहे. निर्णय घ्यायला उशीर झाला, पोचायला झाला, की दारात आल्यावर उपचार मिळायला? तिसरा उशीर सापडला की बोट रुग्णालयाकडे वळतं.

बाकीच्या चुका कुठे दडतात ते औषधाच्या ट्रेमध्ये पाहावं. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची कुपी आणि इंजेक्शनात मिसळायच्या पाण्याची कुपी शेजारी ठेवली तर रात्री तीनला दोन्ही सारख्याच दिसतात. पहिली थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडू शकतं. सिस्टरने वेळेत ओळखलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, तर तिला शाबासकी मिळायला हवी आणि ती कुपी वॉर्डातून हलायला हवी. मिळतो मेमो. पुढच्या वेळी ती कशाला लिहील?

चुका टाळण्यासाठी काय-काय करायचं याच्या नुसत्या याद्या छापूनही भागत नाही. उत्तर प्रदेशातल्या १२० केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांवर सुरक्षित प्रसूतीची यादी आणि प्रशिक्षण देऊन पाहिलं. २०१७ साली निष्कर्ष आले. दोन महिन्यांनी योग्य कृती ७३ टक्क्यांवर होत्या, यादी नसलेल्या केंद्रांत ४२. बाळ-बाळंतिणींच्या मृत्यू आणि गंभीर गुंतागुंतीचं एकत्रित प्रमाण मात्र १५.१ आणि १५.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. औषधं, मनुष्यबळ, मोठ्या रुग्णालयात पाठवायची सोय हे नसेल तर यादीवर खूण करून काय होणार?

आणि एकाचा धडा दुसऱ्याला मिळतच नाही. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश सुटले. नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण दगावले.

खासगी रुग्णालयांसाठी राज्याने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नियम सुधारले. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण लावायला कुणी सांगितलेलं नाही. नोंदणीचं नूतनीकरण होतं तेव्हा चुकांचं रजिस्टर मागायला फारसा खर्च नाही. तीन वर्षांत त्यात एकही नोंद नसेल, तर तपासणी अधिकाऱ्याने तिथेच जास्त वेळ बसावं.