पुनःस्वीकृती करार

एका राष्ट्रात परवानगीवाचून राहणाऱ्या परकीय व्यक्तीस तेथील शासनाने हद्दपार केल्यास तिच्या राष्ट्राने तिला परत घ्यावे, यासाठी राष्ट्राराष्ट्रांत होणारा करार. गुन्हेगाराच्या प्रत्यर्पणाहून तो भिन्न आहे. प्रत्यर्पणात आरोपीस खटल्यासाठी वा शिक्षेसाठी दुसऱ्या राष्ट्राच्या स्वाधीन करतात. येथे निवासाचा अधिकार नसणे एवढेच कारण पुरते.

आपल्या नागरिकास परत घेणे हे रूढ आंतरराष्ट्रीय विधीनुसार राष्ट्राचे कर्तव्य होय. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यानेही (अनुच्छेद १२) स्वदेशप्रवेशाचा हक्क मनमानीने हिरावून घेण्यास मनाई केली आहे. अडचण असते ती पुराव्याची. पारपत्र नसलेल्या माणसाचे राष्ट्रीयत्व कोणी, कशावरून व किती मुदतीत ठरवावे, हा अशा करारांचा गाभा होय. जुने पारपत्र, जन्मदाखला, बोटांचे ठसे, वकिलातीतील अधिकाऱ्याने घेतलेली मुलाखत इत्यादींवरून ओळख पटल्यावर वकिलात केवळ प्रवासापुरते पत्र देते. काही करारांनुसार आपल्या भूमीतून पुढे गेलेल्या तिसऱ्या राष्ट्राच्या नागरिकांनाही परत घ्यावे लागते; उदा., यूरोपीय संघ व तुर्कस्तान यांचा २०१३ मधील करार. छळाची भीती असलेल्या निर्वासितास मात्र परत पाठविता येत नाही, असे १९५१ चा निर्वासितविषयक करार सांगतो. भारताने त्यावर सही केलेली नाही.

परत घेण्याच्या हमीच्या मोबदल्यात वैध स्थलांतराच्या सवलती मिळविण्याकडे भारताचा कल आहे. ग्रेट ब्रिटनशी ४ मे २०२१ रोजी झालेल्या समझोत्यात अशा हमीबरोबरच प्रतिवर्षी ३,००० पर्यंत तरुणांना परस्परांच्या देशात काम करण्याची सोय आहे. अमेरिकेने ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला पाठविलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातील तिघे होते.

बांगला देशाच्या संदर्भात भारताची भूमिका उलट, म्हणजे परत पाठविणाऱ्याची आहे. राष्ट्रीयत्वाची पडताळणी रखडलेली २,३६० हून अधिक प्रकरणे बांगला देशाकडे असल्याचे भारताने मे २०२५ मध्ये सांगितले. त्यांपैकी अनेक २०२० पासूनची होती. पडताळणी टाळली, तर काय होते हे पुढच्याच महिन्यात दिसले. मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगला देशाच्या हद्दीत ढकलण्यात आले व ते भारतीय असल्याचे आढळल्यावर परत आणावे लागले. पडताळणीचा विलंब राष्ट्रांना जाचक वाटला, तरी बोलीवरून परका ठरविला जाणाऱ्या गरीब नागरिकाचे संरक्षण तीवरच अवलंबून असते.