अवयव आहेत, पण कोणते?

मागच्या वेळी आपण मूळ संख्या पाहिल्या. आज एकच संख्या घेऊ: २ चा ६७ वा घात, उणे १. लिहिली तर एकवीस अंकी होते, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने १६४४ मध्ये ती मूळ असल्याचं सांगून टाकलं. १८७६ मध्ये ल्युका या गणितज्ञाने, भागत न बसता एक कसोटी लावून दाखवलं की ती मूळ नाही, तिला अवयव आहेत. कोणते? ते त्या कसोटीतून कळत नव्हतं.

आता बघा, बंद खोलीत कुणीतरी आहे हे नक्की, पण कोण ते माहीत नाही. याला ज्ञान म्हणायचं का? आपण म्हणू, हो. ‘आहे’ हे कळणं आणि ‘काय आहे’ हे कळणं, ही दोन वेगळी ज्ञानं आहेत.

दुसरं मिळालं १९०३ मध्ये. अमेरिकेतल्या कोल यांनी अवयव मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. शोधणं महाकठीण, पडताळणं मात्र कागद-पेन्सिलीचं काम. आजच्या संगणकी गुप्तलेखनाची एक मोठी पद्धत, आरएसए, याच तफावतीवर उभी आहे.

घरी गुणाकार करून बघा. तोवर तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवताय. जाणताय असं नाही.