कुटुंबाचा इतिहास आणि स्नानसंस्काराची नोंदवही

विवाह व स्नानसंस्कार यांची नोंद धर्मगुरूंनी ठेवावी, असा दंडक ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली घातला. स्नानसंस्काराच्या नोंदीत बालकाचे नाव, जन्मतारीख, मातापिता व धर्ममातापिता असतात. पुढे विवाह कोठे झाला, याचीही टीप तेथेच लिहिली जाते. त्यामुळे एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामाचा, एका पिढीवरून मागील पिढीचा माग लागतो.

मात्र घराण्याचे टोपणनाव, गाव सोडण्याचे कारण या गोष्टी वहीत नसतात. त्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असतात. त्या त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात आणि परदेशस्थ आप्तांनाही कळवाव्यात. म्हणजे २ नोव्हेंबर या मृतात्म्यांच्या स्मरणदिनी आपल्या पूर्वजांसाठी नाव घेऊन प्रार्थना करता येईल.