बोलीतील भेद आणि वाचेतील दोष

'काका' म्हणताना लहान मूल 'ताता' म्हणते, तेव्हा घरातील माणसे हसतात व कौतुक करतात. परंतु तेच मूल सात वर्षांचे होऊन शाळेत 'कमळ' हा शब्द 'तमळ' असा वाचू लागले, की कौतुक संपते आणि चेष्टा सुरू होते. मग मूल बोलणेच टाळू लागते. आणि न बोलणारे मूल मंदबुद्धीचे असावे, असा समज होण्यास वेळ लागत नाही. अशा मुलाची वाचा तपासून तिच्यावर उपचार करणाऱ्यास वाचा-भाषातज्ज्ञ, किंवा रूढ शब्दांत स्पीच थेरपिस्ट, म्हणतात.

या शास्त्राचा पहिला धडा मराठी वाचकास परका वाटू नये. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य असे वर्ग उच्चारस्थानांनुसारच लावलेले आहेत. 'क'चा 'त' होतो, तेव्हा जिभेचा मागील भाग उचलला जाण्याऐवजी तिचे टोक दातांशी टेकते. ही चूक केवळ सवयीची आहे, टाळू दुभंगल्यामुळे आहे, की मुलास तो ध्वनी नीट ऐकूच येत नाही, हे ठरविणे पुढचे काम होय. म्हणून वाचा व श्रवण ही दोन्ही शास्त्रे भारतात प्रथम एकत्रच शिकविली जातात.

हे शिक्षण आपल्याकडे फार जुने नाही. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला महाविद्यालयात १९६६ पासून हे शिक्षण मिळू लागले, आणि १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, त्यांतील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे, आणि पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, असा साधारण क्रम आहे. स्वरयंत्राची रचना, ध्वनीचे पदार्थविज्ञान, भाषाशास्त्र व बालमानसशास्त्र हे विषय पुस्तकांतून शिकता येतात. कान मात्र रुग्णांच्या सहवासातच तयार होतो; आरंभी विद्यार्थी केवळ निरीक्षण करतो आणि नंतर अध्यापकाच्या देखरेखीखाली स्वतः उपचार करतो.

तयार झालेल्या कानाची खरी कसोटी पाहावयाची, तर छत्तीसगडमधील भिलाईसारखे गाव क्वचितच सापडेल. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कामाच्या शोधात मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, ओडिया, पंजाबी कुटुंबे आली व भोवतालच्या छत्तीसगडी खेड्यांतील माणसांशेजारी राहू लागली. त्यांची मुले शाळेत बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात.

आता याच शाळेतील हिंदीच्या तासाची कल्पना करावी. मराठी मूल 'कमल'ऐवजी 'कमळ' म्हणते आणि 'पैसा' हा शब्द 'पइसा' असा उच्चारते. बंगाली मुलाच्या तोंडी 'व'चा 'ब' होतो. छत्तीसगडी घरातील मुलगी 'ण'च्या जागी 'न' आणि 'श'च्या जागी 'स' उच्चारते. यांपैकी एकाच्याही वाचेत दोष नाही. प्रत्येकाने घरच्या बोलीचा नियम निष्ठेने पाळला आहे. त्यांना उपचारासाठी पाठविणे म्हणजे निरोग्यास औषध देणे होय. 'तमळ' म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. ते मराठीतही 'क'चा 'त' करते आणि हिंदीतही. भाषेचा खरा विकार मुलास येणाऱ्या सर्व भाषांत दिसतो. एकाच भाषेत दिसणारी उणीव बहुधा अपुऱ्या सरावाची असते. याच्या उलट चूकही घडते, आणि ती अधिक घातक. 'घरी दुसरी भाषा आहे, शिकेल हळूहळू' असे म्हणून खऱ्या विकाराकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते.

म्हणून परदेशी चाचण्या जशाच्या तशा येथे चालत नाहीत. १९७२ मध्ये कन्नड भाषेसाठी स्वतंत्र उच्चारचाचणी तयार झाली, ती याच गरजेतून. ज्या बोलीत चाचणी नाही तेथे तज्ज्ञास मुलाच्या आईस बोलावून घरातील वस्तूंची नावे तिच्या तोंडून ऐकावी लागतात आणि मग त्यांच्याशी मुलाचे उच्चार ताडून पाहावे लागतात.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानंतर अपंग मुलांसाठी अशी सेवा सार्वजनिक शाळांचे कर्तव्य ठरली. तेथील व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी व ४०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. भारतात सर्वसाधारण शाळेत या तज्ज्ञाचे पद विरळाच; तो बहुधा रुग्णालयात किंवा विशेष शाळेत भेटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषेचे अपंगत्व समाविष्ट आहे खरे, परंतु त्याच्या व्याख्येत शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेले कायमचे अपंगत्वच बसते. 'तमळ' म्हणणारे मूल बरे होण्याजोगे असल्यामुळेच तीतून सुटते, हा विचित्र न्याय म्हटला पाहिजे.

त्या मुलास वाट दाखविणारा पहिला माणूस तूर्त वर्गशिक्षकच असतो. कान फुटतो का, मागून हाक मारल्यास मूल वळते का, घरच्या भाषेतही ते अडते का, एवढे विचारण्यास पदवी लागत नाही; आणि तज्ज्ञापुढे मूल येते तेव्हा तोही प्रथम हेच विचारतो.