पोर्ट चकाकलं म्हणून पिकअप वाढत नाही

"हेड उतरवलंच आहे, तर पोर्टला आरशासारखं पॉलिश मारून घे, गाडी उडेल." नारायणगाव असो, मंचर असो की ओतूर, जुन्या बुलेटचं हेड टेबलावर आलं की गॅरेजात बसलेल्यांपैकी कुणीतरी हे सांगतंच. मग एमरी पेपरचे चार नंबर निघतात, शेवटी बफ फिरतो. मेहनत संपते तेव्हा पोर्टात तोंड दिसतं. मालक खूश, मेकॅनिक खूश. इंजिनाला मात्र त्यातलं काहीच कळलेलं नसतं.

जुन्नर-आंबेगावात एअर-कूल्ड इंजिनाची जुनी कार शोधायला निघालात तर बहुधा रिकाम्या हातानं परत याल. पण बुलेट? बैलगाडा शर्यतीत पहिल्या नंबराला बुलेट लावण्याची हौस असलेला हा मुलूख. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि ते ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोकचं, कास्ट आयर्न ब्लॉकचं इंजिन अर्धशतकाहून अधिक काळ जवळपास त्याच ढाच्यात बनत राहिलं. तात्पर्य, हेडच्या हवेबद्दल बोलायचं तर इथे हेच इंजिन घ्यायला हवं. जे त्याला लागू, ते फोक्सवॅगन बीटलसारख्या जुन्या एअर-कूल्ड कारलाही लागू.

आधी एक घोळ निस्तरू. एअर-कूल्ड इंजिनाचा संबंध दोन वेगळ्या हवांशी येतो. एक बाहेरून फिनांवरून वाहते आणि उष्णता घेऊन जाते. दुसरी कार्बोरेटरमधून, पोर्टमधून, म्हणजे हेडमधल्या वाटेतून, व्हॉल्व्हखालून आत जाऊन जळते. "पोर्ट मोठं केलं की इंजिन थंड राहतं" असं म्हणणाऱ्यांनी या दोन्ही एकाच पोत्यात भरलेल्या असतात. उलट एक्झॉस्ट पोर्ट कोरून मोठं केलं, तर जळक्या गॅसला हेडचा जास्त पृष्ठभाग भेटतो आणि हेडमध्ये जास्त उष्णता शिरते. पाण्याच्या इंजिनाला ती पचते. फिनांवर जगणाऱ्या इंजिनाकडे तेवढी उसंत नसते.

आता आरशाकडे. चकचकीत भिंतीला हवा कमी घासते, हे खरंच आहे. खडबडीत नळीत घर्षण किती वाढतं, हे जर्मनीत निकुराड्झे यांनी नळ्यांना आतून वाळूचे कण चिकटवून मोजलं आणि १९३३ साली प्रसिद्ध केलं. ते आकडे आजही वापरात आहेत. पण ते लांब नळ्यांचे आहेत. हेडमधलं पोर्ट केवढं असतं? लांबी आठ-नऊ सेंटिमीटर, व्यास तीनच्या आसपास. म्हणजे लांबी व्यासाच्या जेमतेम तिप्पट. एवढ्या तुकड्यात भिंतीच्या घर्षणापायी जाणारा दाब हा हवेच्या गतीत गुंतलेल्या दाबाच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. ओतीव भिंतीचा आरसा केलात तर त्या दहाव्या हिश्शातला एक तृतीयांश वाचेल. उरलेलं नुकसान, म्हणजे त्या अख्ख्या दहाव्या हिश्शाच्या दहा-पंधरा पट, दुसरीकडेच होत असतं: पोर्ट व्हॉल्व्हकडे वळतं त्या वळणावर, मध्येच पुढे आलेल्या गाइडच्या उंचवट्यावर आणि व्हॉल्व्ह व सीट यांच्यामधल्या फटीतून हवा सिलिंडरमध्ये फुटते तिथे. सगळा हिशेब मांडला तर आरशामुळे हवा वाढते ती फार तर एक-दीड टक्का. टायरात हवा कमी-जास्त असली तरी याहून मोठा फरक पडतो.

इनटेकच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे. तिथून नुसती हवा जात नाही, पेट्रोलही जातं, आणि ते सगळं वाफ झालेलं नसतं. थोडं थेंबांच्या रूपात तरंगतं, थोडं भिंतीवरून पातळ थर होऊन सरकतं, थंड इंजिनात तर बरंच. इंग्लंडचे डेव्हिड व्हिझार्ड यांनी हेडची हवा मोजण्यात उभी हयात घालवली. त्यांचं मत असं, की कार्बोरेटरच्या इंजिनाला इनटेक पोर्ट थोडं खरबरीतच असलेलं बरं, म्हणजे भिंतीवरचं पेट्रोल पुन्हा हवेत मिसळतं. हा फायदा किती, यावर जाणकारांत वाद आहेत. पण आरशाने शक्ती वाढते असं त्या वादातली कोणतीही बाजू म्हणत नाही. एक्झॉस्ट पोर्ट चकचकीत केलं तर काजळी थोडी उशिरा धरते. तेवढी मोकळीक हवी तर घ्या.

इथे हमखास येणारं उत्तर असं: "पण माझ्या गाडीत फरक पडला ना!" पडला असेल. का पडला ते पाहा. आरसा करायला हेड उतरवावं लागतं. हेड उतरलं की कोणताही बरा मेकॅनिक व्हॉल्व्ह लॅप करतो, कंबशन चेंबरमधला कार्बन खरवडतो, हेडचं पॅकिंग नवं टाकतो, टॅपेट नीट लावतो, प्लग बदलतो, कार्बोरेटर धुतो. वर्षानुवर्षं गळणारा व्हॉल्व्ह पहिल्यांदा नीट बसतो. गाडी पळणार नाही तर काय? पण बिलात मोठी रक्कम पोर्ट पॉलिशच्या नावाने असते, म्हणून श्रेयही त्यालाच जातं. पॉलिशला हात न लावता बाकीचं सगळं करून पाहा, तीच गाडी तशीच पळेल. हा प्रयोग सहसा कुणी करत नाही.

मग हेडमध्ये करण्यासारखं काहीच नाही का? आहे, भरपूर आहे, फक्त ते चमकत नाही. पहिलं काम सीटचं. व्हॉल्व्ह थोडाच उघडलेला असतो तेव्हा हवेची सगळ्यांत अरुंद वाट म्हणजे सीट आणि व्हॉल्व्हमधली गोल फट. हिशेब सोपा आहे: व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव पट उचलला जातो तेव्हाच ही फट व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. बीटलच्या १६०० सीसी इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह ३५.५ मिमीचा. म्हणजे जवळपास ९ मिमी उचलेपर्यंत फट हाच अडसर, आणि पोर्ट कितीही भव्य असलं तरी ते वाट पाहत उभं. म्हणून सीटला नुसता ४५ अंशांचा एक काप न देता खाली ६० आणि वर ३० अंशांचा काप देतात. हवा कोपऱ्यावर न आपटता वळते. हे काम चांगल्या सीट कटरवर तासाभरात होतं.

दुसरं काम सीटच्या लगेच खालच्या वाटीचं. कारखान्यात सीट बसवताना धातूची एक कड राहते, ओतकामाची शीर राहते. ती फक्त घासून भिंतीत मिसळून टाकायची. तिसरं, वळणाची आतली, आखूड बाजू. ती तीक्ष्ण असेल तर हवा भिंत सोडून सुटते आणि अर्धं पोर्ट असून नसल्यासारखं होतं. तिला हलकासा गोलावा पुरतो. मात्र इथेच उत्साहाच्या भरात जास्त घासलं तर ती बाजू बसते आणि वळण आणखी वाईट होतं. शेवटी ८० नंबरच्या एमरीचा हात फिरवून थांबायचं. हॅरी वेस्लेक यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये हेडमधून हवा ओढून ती मोजायला सुरुवात केली आणि पुढे जॅग्वारच्या प्रसिद्ध एक्सके इंजिनाचं हेड त्यांच्या हातून सुधारलं. त्या सगळ्या कामाचा गाभा पोर्टाचा आकार हाच होता.

आरशाचा सख्खा भाऊ म्हणजे "जेवढं मोठं पोर्ट तेवढी जास्त हवा". हाही तितकाच ऐकू येतो, आणि याने नुकसान जास्त होतं. आरसा निदान निरुपद्रवी आहे. कोरलेला धातू परत येत नाही.

बुलेटचा कार्बोरेटर २४ मिमीचा. बोअर ७०. पिस्टनचं तोंड त्या वाटेच्या साडेआठ पट मोठं, म्हणून वाटेत हवेला पिस्टनच्या साडेआठ पट वेगाने धावावं लागतं. २५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ७.५ मीटर, हवेचा सुमारे ६४ मीटर. आता तीच वाट ३० मिमीची केली तर वेग ४१ वर येतो. हा वेग म्हणजेच पेट्रोलचे थेंब उचलून धरणारी ताकद. पिस्टन खालून परत वर निघाला तरी मागून येणारी हवा स्वतःच्या जोरावर आत घुसत राहते, तीही याच वेगामुळे. तो घालवला की कमी फेऱ्यांत गाडी गुदमरते. आणि कार्बोरेटर २४ चाच ठेवून मागचं पोर्ट ३० चं केलं, तर हवा मध्येच फुगते, मग पुन्हा आक्रसते. दोन्हीकडून तोटा. मोठ्या वाटेचा उपयोग अजिबात नाही असं नव्हे. एमआयटीचे सी. एफ. टेलर यांनी दाखवलं, की आत येणाऱ्या हवेच्या वेगाचा ध्वनीच्या वेगाशी बांधलेला निर्देशांक ०.६ च्या पलीकडे गेला की सिलिंडर भरणं झपाट्याने कमी होतं. पण ती वेळ येते ती इंजिन पार वर ताणल्यावर. आपण तिथे असतो कधी?

घोडेगावहून डिंभ्यावरून भीमाशंकरला चाला. १७० किलोची गाडी, वर दोन माणसं, मिळून ३१० किलो धरू. शंभर मीटरला सहा मीटरचा चढ, ताशी ५० चा वेग. नुसतं वजन वर उचलायला साडेतीन अश्वशक्तीच्या आसपास लागते. वारा आणि टायरांचं ओझं धरून सहा-सात. जुन्या ३५० बुलेटची कागदावरची शक्ती १८ अश्वशक्ती, तीही ५६२५ फेऱ्यांना. म्हणजे घाटात इंजिनाची कमाल शक्ती कधीच अपुरी नसते. चढाला हवी असते ती अडीच-तीन हजार फेऱ्यांमधली ओढ, आणि पोर्ट कोरून आपण नेमकी तीच मारतो. मग "आता गाडी वरच्या गिअरला ओढत नाही, पण सुटली की काय सुटते" असं कौतुकाने सांगत फिरतो. सुटते कुठे? पुणे-नाशिक रस्त्यावर, तेही गर्दी नसेल तर.

कारवाल्यांसाठी एक दाखला. बीटलच्या १६०० इंजिनाला १९७० पर्यंत दोन सिलिंडरांमागे एकच इनटेक पोर्ट होतं. १९७१ च्या मॉडेलला प्रत्येक सिलिंडरला वेगळं पोर्ट मिळालं. अमेरिकेतल्या मोजणीप्रमाणे शक्ती ५७ वरून ६० अश्वशक्तीवर गेली. नवीन साचे, नवीन हेड, अख्ख्या कारखान्याची ताकद, आणि पदरात तीन अश्वशक्ती. त्याच वेळी त्यांनी ऑइल कूलर हलवला, कारण तो तिसऱ्या सिलिंडरची थंड हवा अडवत होता. त्या बदलाचं महत्त्व मला पोर्टाहून जास्त वाटतं. आणि याच हेडांमध्ये मोठे व्हॉल्व्ह कोंबले की दोन सीटांमधला धातू बारीक होतो आणि तिथून प्लगच्या भोकाकडे चीर जाते, हे बीटलवाल्यांचं जुनंच दुखणं.

उरलेले गैरसमज भराभर.

"सायलेन्सर मोकळा केला की इंजिन मोकळा श्वास घेतं." आवाज वाढतो. कार्बोरेटरचं जेट तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं आणि हेड तापतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे.

"घाटमाथ्यावर गाडी दमते, म्हणजे हेड जाम झालंय." जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे. मुंबईपेक्षा इथली हवाच सहा-सात टक्के विरळ, भीमाशंकरला आणखी विरळ. हेडचा दोष नाही.

"आरएक्स १०० ला पोर्टिंग केल्यावर केवढा फरक पडला!" पडणारच. टू-स्ट्रोकमध्ये पोर्टाची उंची हीच व्हॉल्व्हची वेळ असते. खिडकी वर नेली की इंजिनाचं वेळापत्रक बदलतं. फोर-स्ट्रोकमध्ये ते काम कॅमचं, पोर्ट घासून ते बदलत नाही.

"एअर फिल्टर काढून टाक." उसाच्या आणि टोमॅटोच्या वाहनांमागे धुरळा खात जाणाऱ्या गाडीचा फिल्टर काढायचा म्हणजे बोअरला एमरी पेपर लावायचा.

"तापलेल्या हेडवर पाणी ओत, लगेच गार होतं." गार होतं, आणि तडकूही शकतं. फिनांमधला चिखल सुकल्यावर काढा, त्याने जास्त थंड राहील.

"पेट्रोल तेच, जेट तेच, मग गाडी तापते ती पॉलिशमुळे." पेट्रोल तेच नाही. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याला जळायला कमी हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. हेडला हात लावण्याआधी प्लग काढून रंग बघा. पांढरा पडला असेल तर मेन जेट एक नंबर वाढवा. तरीही शंका असेल तर हेड उतरवून उलटं ठेवा, प्लग लावा, चेंबरमध्ये थोडं रॉकेल ओता आणि पोर्टात बघा. दहा मिनिटांत पोर्ट ओलं झालं तर व्हॉल्व्ह गळतोय. लॅपिंगची पेस्ट बफिंगपेक्षा खूप स्वस्त पडते.